पार्कात रुजू होताय? आधी बुटांचं बघा

थीम पार्कात किंवा वॉटर पार्कात नोकरी लागली की मुलं पहिल्यांदा विचारतात, "ताई, ड्रेस कसा असतो?" मी आधी पुण्यात हौशी नाटक मंडळ्यांचा कपडेपट सांभाळायचे, नंतर तेरा वर्षं दोन वेगवेगळ्या पार्कांत तेच काम केलं. माझं उत्तर ठरलेलं असतं: ड्रेस ते देतील, तुझे बूट कुठले आहेत ते सांग.

पुण्याच्या मुलांना जवळची पार्कं म्हणजे खोपोलीचं इमॅजिका, लोणावळ्याचं वेट अँड जॉय, सिंहगडाच्या वाटेवरचं कृष्णाई. सुट्ट्यांचा हंगाम आला की बारावी झालेली, हॉटेल मॅनेजमेंटची, एकांकिकांत कामं केलेली मुलं अशा ठिकाणी रुजू होतात. प्रत्येक पार्काचे नियम वेगळे असतात, त्यामुळे नियुक्तीपत्रासोबत जी पुस्तिका किंवा पत्रक मिळेल ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. पत्रकात सहसा लिहिलेलं नसतं आणि पहिल्या महिन्यात जे अडतं, ते मी इथे सांगते.

ड्रेसला कॉस्च्युम का म्हणतात

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड उघडलं. तिथे नाटकाची भाषा रुळली. नोकरी करणारा तो 'कास्ट मेंबर', गणवेश तो 'कॉस्च्युम', लोकांना दिसते ती जागा 'ऑनस्टेज', मागची ती 'बॅकस्टेज'. पुढे इतर अनेक पार्कांनी ही भाषा उचलली, म्हणून तुमच्या प्रशिक्षणातही हे शब्द कानावर पडतील. मराठी माणसाला त्यात अवघड काही नाही. कपडेपट, रंगपट, विंग हे शब्द आपल्याकडे त्याहून जुने आहेत. विंगेतून प्रेक्षकाला दिसायचं नसतं हे भरत नाट्य मंदिरात पडदा ओढणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पार्कात तोच नियम आहे, फक्त रंगमंच काही एकरांचा आहे आणि प्रयोग आठ-नऊ तास चालतो.

या नियमामागची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. डिस्नीलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला एक कामगार भविष्यकाळातल्या 'टुमॉरोलँड' विभागातून आपल्या जागेकडे चाललेला वॉल्ट डिस्नी यांना दिसला आणि ते त्यांना फार खटकलं. फ्लोरिडात १९७१ साली मॅजिक किंगडम उघडलं, त्याच्या पोटात कामगारांची आणि मालाची ये-जा करणारे बोगदे आहेत ते याचसाठी. तुमच्या पार्कात बोगदे नसले तरी मागचा सर्व्हिस रोड असतो. लांबचा पडला तरी त्यानेच जा. समुद्री चाच्याच्या वेशात जंगलाच्या विभागातून वडापाव खात निघालात, तर तुमच्या आधी तिथे मेहनत घेतलेल्या पंधरा माणसांचं काम पुसलं जातं.

दिसण्याबद्दलचे नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ नसतात. वॉल्ट डिस्नींना स्वतःला मिशी होती, पण त्यांच्या पार्कांतल्या पुरुषांना मिशीची परवानगी २००० साली मिळाली, कातरलेल्या दाढीची २०१२ साली आणि दिसणाऱ्या टॅटूची २०२१ साली. १९९२ साली पॅरिसजवळ त्यांचं पार्क उघडलं तेव्हा तिथल्या कामगार संघटनांनी या नियमांना कडाडून विरोध केला होता. म्हणून एखादा नियम जाचक वाटला तर गप्प बसून मोडू नका, कारण विचारा. कारण सांगता न येणारा नियम मी स्वतः दोनदा वरिष्ठांकडून बदलून घेतला आहे.

रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी

बूट बहुतेक ठिकाणी स्वतःचे आणावे लागतात: काळे, बंद, बिननक्षीचे. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि तेच कामावरचं खरं माप. कामावर घालायचे तेच मोजे सोबत न्या. अंगठ्यापुढे थोडी जागा सुटली पाहिजे. तळवा रबरी आणि खाचांचा हवा. घरी मोरीच्या फरशीवर पाणी ओतून त्यावर उभे राहा, पाय सरकला तर बूट परत करा. मग पंधरा दिवस ते रोज घालून हिंडा. नवी चप्पल घालून कुणी वारीला निघत नाही, ते वारकऱ्यांना अनुभवाने कळलेलं आहे. वॉटर पार्कात असाल तर बूट उपयोगाचे नाहीत. तिथे पट्ट्याचे रबरी फ्लोटर चालतात का हे आधी विचारून घ्या.

आतल्या कपड्यांवर पैसे वाचवू नका. गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो, तो टिकतो पण घाम शोषत नाही. आत सुती बनियन किंवा स्लिप हवीच. मुलींसाठी एक गोष्ट: पांढऱ्या शर्टाखाली पांढरं घातलं तर उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. घेरदार झगा किंवा स्कर्ट असेल तर आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सायकल शॉर्ट घाला. दिवसाला काही किलोमीटर चालणं होतं आणि मांड्या घासून सोलवटल्या तर दुसऱ्या दिवशी उभं राहवत नाही. मोज्यांचे दोन जोड बॅगेत ठेवा, दुपारी बदला. एवढ्या एका बदलाने संध्याकाळ सुसह्य होते.

माप खरं द्या. कंबर दोन इंच कमी सांगणाऱ्या मुली आणि खांदे रुंद सांगणारी मुलं मला दरवर्षी भेटली. ड्रेस अंगावर आल्यावर नुसतं आरशात बघू नका. दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा, वाकून पायाच्या बोटांना हात लावा. राइडवरच्या माणसाला प्रत्येक पाहुण्याचा पट्टा तपासायला दर फेरीला वाकावं लागतं. बुडाशी घट्ट असलेली पँट पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत उसवते.

काय उतरवायचं आणि का

इथे नव्या मुलांची मनं सगळ्यात जास्त दुखावतात, कारण उतरवायच्या वस्तू बऱ्याचदा श्रद्धेच्या असतात. म्हणून प्रत्येकीचं कारण सांगते.

काचेच्या बांगड्या पाण्याच्या कडेला चालत नाहीत. लग्नाचा हिरवा चुडा असला तरी नाही. काच पाण्यात दिसत नाही आणि तिथे हजारो अनवाणी पाय असतात. एक तुकडा पडला तर तलाव रिकामा करावा लागतो. अंगठी राइडवर नको, कारण ती दांड्याला किंवा पत्र्याच्या कडेला अडकली आणि शरीर पुढे गेलं तर बोटाचं मांस सोलून निघतं. घट्ट बसलेली अंगठी आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने घरीच काढा. ओढणी, शेला, मोकळी वेणी, गळ्यातला लोंबता बिल्ला यांचा फिरत्या यंत्राशी संबंध येता कामा नये. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस गुंतून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातली प्रत्येक टाळता आली असती.

मंगळसूत्राबद्दल मी मुलींना सांगायचे की आखूड वाटीचं घाला, कॉलरच्या आत ठेवा, आणि यंत्राजवळचं काम असेल तर काढून घरीच ठेवा. लॉकरमध्येही सोनं नको. तुळशीची माळ घालणारी मुलं ती उतरवत नाहीत, आणि त्यांच्यावर ती जबरदस्ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे मुलाखतीतच सांगा. आखूड, गळ्यालगत बसणारी माळ शर्टाच्या आत राहते आणि मग यंत्रापासून लांबचं काम मागता येतं. पहिल्या दिवशी दारात वाद घालून हा प्रश्न सुटत नाही.

मनगटावरचा लाल धागा पाण्यात भिजून कुजतो, तिथे खाज सुटते. बारीक टिकली सहसा चालते. कथेतल्या परक्या देशातल्या पात्राला मात्र ती शोभत नाही, तेव्हा पाकिटात ठेवा, घरी जाताना लावा. मेंदी हा प्रश्न लग्नसराईत येतोच. हातमोजे असलेली जागा मिळते का ते पर्यवेक्षकाला आठवडाभर आधी विचारा. गोंदण किंवा टॅटू झाकायला त्वचेच्या रंगाची बाही मिळते, मेकअप घामाने निघून जातो. अत्तर, डिओ, डोक्याला भरपूर तेल हे सगळं बेताने. तेलाचे डाग टोप्यांच्या अस्तरातून कधीच पूर्ण जात नाहीत, आणि ती टोपी उद्या दुसरं कुणी घालणार असतं.

खिडकीवर

ड्रेस जिथून मिळतो त्या विभागाला पार्कात वॉर्डरोब म्हणतात, मी कपडेपटच म्हणते. तुमच्या नंबरवर ड्रेस मिळतो, रजिस्टरात सही होते. सही करण्याआधी तिथेच उभे राहून काज-बटणं, चेन, हूक, कोपरे आणि बगलेतली शिवण बघा. उसवलेलं असेल तर त्याच वेळी दाखवा आणि रजिस्टरात लिहून घ्या. मागे पंचवीस जण रांगेत असले तरी लाजू नका. आतल्या मावशींना किंवा काकांना ते आवडतंच, कारण सकाळी दोन टाके घातले की दुपारचं अर्धा तासाचं काम वाचतं.

पर्समध्ये चार सेफ्टी पिना, सुई आणि काळा-पांढरा दोरा ठेवा. ढोल-ताशा पथकात वाजवलं असेल तर बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची सवय असेल, तीच पट्टी टाचांना नवा बूट लागल्यावर उपयोगी पडते.

ड्रेस घरी न्यायची परवानगी असली तरी प्रवासात घालू नका. सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये तो चुरगळतो, चहा सांडतो, आणि पार्काच्या नावाचा शर्ट घालून स्टेशनवर तुम्ही जे वागाल ते पार्काच्या नावावर जमा होतं.

नऊवारी आणि फेटा

स्वागताला किंवा सणाच्या दिवसांत मराठी वेश असतो. तिथे शिवलेली नऊवारी मिळाली तर आनंदाने घ्या, दहा मिनिटांत चढते. फक्त कमरेला नुसतं इलॅस्टिक असेल तर आत नाडी ओवून मागा, ऐन गर्दीत इलॅस्टिक तुटलेलं मी पाहिलं आहे. पदर खांद्यावर पिन करून कमरेला खोचा, लोंबता ठेवू नका. फेटा तयार बांधलेला असतो. कपाळाला आवळत असेल तर आत घडी घातलेला रुमाल ठेवा आणि प्रत्येक सुट्टीत तो उतरवा. तीन तास घट्ट फेटा म्हणजे चौथ्या तासाला डोकं ठणकणारच.

मुखवट्यातली माणसं

अस्वल, ससा, हत्ती, पार्काचं स्वतःचं एखादं पात्र: ज्यात माणूस पूर्ण झाकला जातो तो पोशाख सगळ्यात अवघड. नाटकातली मुलं उत्साहाने हे काम मागतात. मागा, फार सुंदर काम आहे. चार वर्षांचं पोर ज्या विश्वासाने त्या अस्वलाला मिठी मारतं, तसा प्रतिसाद पुरुषोत्तम करंडकाच्या प्रेक्षकांतही मिळणार नाही. पण आधी खालचं समजून घ्या.

शरीर घामाने थंड होतं ते घाम वाळतो म्हणून. पोशाखाच्या आत हवा काही मिनिटांत दमट होते आणि घाम वाळायचं थांबतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना घाटाखालच्या दमट हवेत हे आणखी लवकर जाणवतं. म्हणून एका वेळी वीस मिनिटं, फार तर तीस, आणि मग पोशाख उतरवून पंख्याखाली निदान तेवढाच वेळ. हे वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे. नसेल तर पहिल्याच दिवशी मागा.

मी कपडेपटात नवी होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, दुपारचे दीड. अस्वलाच्या पोशाखातला मुलगा पायरीवर बसला. पोरांना वाटलं अस्वल खेळतंय, ती टाळ्या वाजवत राहिली. मग तो कलंडला. त्याला शिकवलेलं होतं की मुलांसमोर मुखवट्याचं डोकं काढायचं नाही, आणि त्याने ते शेवटपर्यंत पाळलं. आम्ही डोकं उतरवलं तेव्हा चेहरा लालभडक, अंग भट्टीसारखं, आणि तो स्वतःचं नाव सांगू शकत नव्हता. दोन दिवस दवाखान्यात राहून तो बरा झाला. तो पोशाख मीच त्याला चढवून दिला होता. आमच्याकडे वेळेचं पत्रक नव्हतं आणि त्याच्यासोबत कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला हे पाठ करायला लावायचे: डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं, यातलं एकही झालं की ठरलेली खूण करायची आणि मागे यायचं. मागे यायला वेळ नसेल तर तिथेच डोकं काढायचं. मुलं रडली तर रडू देत. सोबतच्या माणसाला, म्हणजे हँडलरला, ही खूण माहीत असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. खूण सोपी ठेवा, जसं दोन्ही हात मुखवट्याच्या कानांवर. कुणी कोसळलंच तर पोशाख काढा, सावलीत न्या, मान, बगल आणि जांघेत ओले कपडे ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाणी तहान लागण्याआधी प्यायचं असतं. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याचं माप. मीठ घातलेलं ताकही चांगलं. चहावर दिवस काढू नका.

आता अभिनय. पात्र बोलत नाही, म्हणून सगळं शरीराने सांगायचं. हालचाली मोठ्या आणि सावकाश. मुखवट्यातून खालचं दिसत नाही, तेव्हा लहान मूल जवळ आलं की पाऊल उचलू नका, जागेवर गुडघ्यावर बसा. घाबरलेल्या मुलाकडे तुम्ही जाऊ नका, त्याला येऊ द्या. हात नेहमी फोटोत दिसतील असे ठेवा, हे तुमच्याच रक्षणासाठी. एकाच पात्राचे दोन पोशाख असतील तर दोघं एकाच वेळी बाहेर दिसता कामा नयेत.

स्वच्छतेचं सांगायलाच हवं. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये पात्रांच्या पोशाखाखाली घालायचे कपडे सामाईक असत, त्यातून उवा आणि खरजेच्या तक्रारी झाल्या. २००१ साली तिथल्या कलाकारांनी संघटनेमार्फत भांडून प्रत्येकाला स्वतःचे, घरी धुता येतील असे आतले कपडे मिळवले. तुम्ही मागणी करायची वाट बघू नका, स्वतःचे न्या: पातळ, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, लेगिंग, डोक्याला सुती टोपी किंवा रुमाल. तिन्हींचे दोन-दोन जोड. मुखवट्याचं डोकं धुता येत नाही. ते उलटं ठेवून आतून स्पिरिटचा हलका फवारा मारायचा आणि रात्रभर पंख्यासमोर ठेवायचं, फवाऱ्याजवळ काडी किंवा उदबत्ती नको. त्यात डांबरगोळ्या कधीही ठेवू नका, दुसऱ्या दिवशी तो वास कुणाच्या तरी नाकातोंडात जातो.

पावसाळ्यात

लोणावळ्याच्या बाजूला जुलैमध्ये काही वाळत नाही. ओलसर ड्रेस मिळाला तर घेऊ नका, दुसरा मागा. ओल्या कपड्याने जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण होतं आणि ते महिनोन्‌महिने जात नाही. घरी आल्यावर आंघोळ, पाय कोरडे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

पैसे आणि त्रास

ड्रेस हरवला किंवा फाटला म्हणून पगारातून परस्पर पैसे कापता येत नाहीत. कायद्याप्रमाणे नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सकाळी रजिस्टरात उसवलेल्या शिवणीची नोंद का करायची, ते इथे कळतं. राइडवर रोजच्या वापराने फाटणं हा हलगर्जीपणा नव्हे.

वेशातल्या माणसाला लोक माणूस समजत नाहीत. शेपटी ओढतात, बुक्के मारतात, मुलींच्या अंगाला हात लावतात. हे कामाचा भाग नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांपासूनही तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन पहिल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवा. वेश न आवडल्यास, फार तोकडा किंवा फार घट्ट वाटल्यास तेही बोलता येतं. बाजूला पट्टी जोडणं, आत अस्तर लावणं हे आमच्यासाठी तासाभराचं काम असतं.

ड्रेस परत देताना

शेवटची फेरी झाली की थकवा इतका असतो की ड्रेस तसाच टोपलीत टाकून बस पकडावीशी वाटते. दोन मिनिटं थांबा. सगळे खिसे उलटे करून बघा, विशेषतः पेन. एका बॉलपेनने माझे एका वेळी चाळीस पांढरे शर्ट निळे झाले आहेत. नावाची पट्टी काढा. उसवलेल्या जागी एक रंगीत दोरा बांधा, म्हणजे धुलाईनंतर शिवणाऱ्याला ती शोधावी लागत नाही. घामाने ओला झालेला भाग आत घडी घालू नका, मोकळा ठेवा. मग खिडकीवर द्या आणि परत दिल्याची सही तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. ती सही राहिली तर रजिस्टरात तो ड्रेस रात्रभर तुमच्याच नावावर असतो.